कमला खान कुणाची? सुपरहिरोंच्या मालकीचा हिशेब

ईदच्या सुट्टीत पोट्टे टीव्हीसमोर बसले की एक प्रश्न येतोच: "अब्बू, स्पायडर-मॅन तर मार्व्हलचा ना? मग सुरुवातीला सोनीचं नाव का येतं?" प्रश्न छोटा आहे, पण त्याचं उत्तर आपल्या घरातल्या लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या मुलामुलींच्या फार कामाचं आहे. म्हणून आम्ही ते इथे सोपं करून सांगत आहोत.

हिरो एकच असला तरी त्याचे हक्क अनेक असतात. कॉमिक्स छापण्याचा वेगळा, चित्रपट काढण्याचा वेगळा, खेळणी आणि दप्तरं विकण्याचा वेगळा. यातला एकेक हक्क विकता येतो किंवा अटी घालून वापरायला देता येतो. वापरायला देणं म्हणजेच लायसन्स.

मार्व्हल १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या पडत्या काळात स्पायडर-मॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे गेले. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला मार्व्हल घेतली, तरी हे हक्क सोनीकडेच राहिले. २०१५ मध्ये दोन्ही कंपन्यांत करार झाला, तेव्हा कुठे स्पायडर-मॅन अॅव्हेंजर्ससोबत पडद्यावर आला. २०१९ मध्ये बोलणी फिसकटली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा जुळली.

आपल्या मुलींना आवडणारी कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, हिचंही तसंच आहे. जर्सी सिटीतल्या या मुस्लिम मुलीचं स्वतःचं कॉमिक २०१४ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये मालिका आली. तिला घडवण्यात संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन या दोन मुस्लिम महिलांचा मोठा वाटा होता. मालकी मात्र कंपनीची. तिचं पुढे काय करायचं, हे कंपनी ठरवते.

हे फक्त अमेरिकेत होतं असं नाही. १९८७ चा 'मिस्टर इंडिया' आठवा. हा गायब होणारा हिरो सलीम-जावेद यांच्या लेखणीतून आला. २०२० मध्ये त्यावर नवे चित्रपट काढण्याची घोषणा झाली, तेव्हा दिग्दर्शक शेखर कपूर यांनी आपल्याला कुणी विचारलंही नाही, अशी तक्रार केली. त्यावर जावेद अख्तर यांनी सुनावलं की कथा, पात्रं, संवाद, गाणी, इतकंच काय नावही माझं. मग तुमचा दावा माझ्यापेक्षा मोठा कसा? पण आपल्या कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' निर्माता मानला जातो, दिग्दर्शक नाही. लेखकाच्या हातात काय उरतं, हे त्याने सही केलेल्या करारावर अवलंबून असतं.

आपल्या नागपूरचाच दाखला घ्या. इथल्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा 'झुंड' २०२० मध्ये कोर्टात अडकला. एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आपण आधीच घेतले आहेत, असा हैदराबादच्या एका निर्मात्याचा दावा होता. तेलंगणातल्या कोर्टाने स्थगिती दिली, सुप्रीम कोर्टानेही ती उठवली नाही. चित्रपट लागला तो थेट मार्च २०२२ मध्ये.

मग आपण काय करायचं? १९५७ चा कॉपीराइट कायदा काही गोष्टी स्पष्ट सांगतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतात. तोंडी बोलण्याने होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार, संगीतकार आणि लेखकांना थिएटरबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिला. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनीच जोर लावला होता. पण नोकरीत असताना केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाचं ठरतं, हेही लक्षात ठेवा.

मोमिनपुऱ्यातला एखादा मुलगा किंवा जाफर नगरातली एखादी मुलगी आज वहीत आपला हिरो रंगवत असेल. त्यांना शाबासकी द्याच, पण सोबत एवढंही शिकवा: काढलेल्या पानावर तारीख टाका, प्रत जपून ठेवा, नोंदणी सक्तीची नसली तरी पुराव्यासाठी करून घ्या. आणि "सगळे हक्क कायमचे" असं लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी तो एखाद्या वकिलाला दाखवा.

हिरो एकदा हातचा गेला की परत मिळवणं फार अवघड असतं.