देशांतर : लेखांक सातवा – फडातले बिल्ले

गाळपाचा हंगाम ऐन भरात असता, सणसवाडीच्या शिवेतून जाणाऱ्या पुणे-नगर रस्त्याच्या कडेला, एका चहाच्या टपरीवर मला एका मुकादमाची वही पाहावयास मिळाली. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या वहीत माणसांची नावे थोडी आणि ‘कोयते’ फार होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याच्यापुढे उचलीची रक्कम, तिच्यापुढे खाडे. बीडकडून आलेल्या त्या टोळीतील कोण कोणाची लेक, कोणत्या साली पाऊस चुकला म्हणून घराबाहेर पडली, याचा त्या दफ्तरात मागमूस नव्हता, आणि तो असावा असे मुकादमास वाटण्याचे कारणही नव्हते. मागील लेखांकात मुंबईस कापूस खरेदीसाठी येऊन राहिलेल्या जपानी पेढीवाल्यांचा विषय आपण जेथे सोडला, तेथून या आठवड्यात एकदम हवाई बेटांवर उडी घ्यावी असे मनात आले ते या वहीमुळेच. कारण पोटासाठी जपान सोडून निघालेला सामान्य मनुष्य पेढीवर भेटत नाही, उसाच्या फडात भेटतो.

हवाईचा राजा कालाकौआ १८८१ मध्ये स्वतः जपानला जाऊन आला, आणि ८ फेब्रुवारी १८८५ रोजी ‘सिटी ऑफ टोकियो’ ही आगबोट नऊशेंहून अधिक जपानी माणसे घेऊन होनोलुलू बंदरास लागली. दोन सरकारांतील करारनाम्याबरहुकूम आलेल्या या लोकांस ‘कान्याकु इमिन’ म्हणत. मुदत तीन वर्षांची. महिन्याचे २६ दिवस फडात रोज १० तास काम. पुरुषाचा दरमहा मुशाहिरा ९ डॉलर व शिधाखर्च ६ डॉलर. स्त्रीचा त्याहून कमी. १८९४ पर्यंत सुमारे २९,००० माणसे या रीतीने तेथे रवाना झाली. घोड्यावरून देखरेख करणाऱ्या मुकादमास तिकडे ‘लूना’ म्हणत, आणि त्या लूनाला मजुराचे नाव उच्चारण्याची तसदी घ्यावी लागत नसे, कारण प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांक ठोकलेला धातूचा एक लहानसा बिल्ला, ‘बांगो’, लटकत असे. पगाराच्या दिवशी तो दाखवावयाचा, मळ्याच्या दुकानातून उधारीवर तांदूळ न्यावयाचा तरी तोच दाखवावयाचा.

अशा बिल्ल्यांनी, पत्रांनी आणि जुन्या छायाचित्रांनी सांगितला जाणारा हा इतिहास जतन करण्यासाठी होनोलुलूच्या मोईलीली भागात जपानी वंशाच्या लोकांनी एक सांस्कृतिक केंद्र उभारले आहे. १९८७ साली स्थापन झालेली ही संस्था नफ्यासाठी चालत नाही. तिच्या कायम प्रदर्शनाचे नाव ‘ओकागे सामा दे’ असे आहे, आणि त्याचा अर्थ मराठी माणसास समजावून सांगण्याचे श्रमच नकोत : जुन्या पत्रांत ‘आपल्या आशीर्वादेकरून येथील सर्व क्षेम’ असे जे आपण लिहीत आलो, तेच हे. प्रदर्शनाच्या प्रवेशापाशी जपानी अक्षरे कोरलेले १२ पाषाण आहेत. ‘ओन’, म्हणजे उपकाराचे ऋण, हे त्यांतील एक, आणि ‘गामान’, म्हणजे धीराने सोसणे, हे दुसरे. या दुसऱ्या पाषाणाविषयी माझी किंचित तक्रार आहे. समान कामास समान दाम मिळावे म्हणून १९०९ साली ओआहू बेटावर सुमारे ७,००० जपानी मजुरांनी काम बंद पाडले. सोसणे हा त्यांचा सद्गुण खरा, पण तो एकटाच नव्हे.

उसाचे पाचट सोलण्याच्या कामास हवाईच्या भाषेत ‘होलेहोले’ म्हणतात. ते काम बहुधा स्त्रियांकडे असे, आणि पात्याच्या धारेने कातडी चिरू नये म्हणून त्या हातापायांवर सुती पट्टे गुंडाळून फडात उतरत. तेथे त्या जी गाणी म्हणत ती ‘होलेहोले बुशी’. शब्द जपानी, मधूनच एखादा हवाईचा, आणि विषय नवऱ्याचा, लूनाचा व न संपणाऱ्या कराराचा. हॅरी उराता या संगीतशिक्षकाने १९६० नंतरच्या काळात म्हाताऱ्या बायांकडून ती ध्वनिफितीवर उतरवून घेतली. पुण्याच्या गी पॉइटेव्हिन व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्याच जातीचे हे काम.

केंद्राच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम मात्र एका हरवलेल्या जागेचा शोध हे होय. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला होताच जपानी वंशाचे पुरोहित, शिक्षक, संपादक यांस पकडून नेण्यात आले. इकडे हिंदुस्थानातील जपानीही त्याच महिन्यापासून पकडले गेले व दिल्लीच्या पुराना किल्ल्यात स्थानबद्ध झाले. ओआहूवर १९४३ मध्ये होनोउलीउली येथील एका घळीत छावणी उघडली गेली. उकाड्यामुळे कैदी तिला ‘जिगोकु-दानी’, नरकदरी, म्हणत. युद्ध संपले, रान माजले, आणि जे सुटून आले त्यांनी घरात त्या विषयाचा उच्चारही केला नाही. १९९८ मध्ये एका दूरचित्रवाणी केंद्राने छावणीची जागा विचारली, तेव्हा सांस्कृतिक केंद्रासही ती सांगता आली नाही. स्वयंसेवक शोधास लागले. हाती एक जुने छायाचित्र होते, आणि त्यात बराकींच्या मागे घळ ओलांडून जाणारा एक जलसेतू दिसत होता. बराकी गेल्या होत्या. जलसेतू तेवढा उभा होता, आणि त्याच्याच खुणेवरून २००२ साली जागा सापडली. १३ वर्षांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

पुढील लेखांकात १९०८ साली ‘कासातो मारू’ या जहाजाने ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरलेल्या मंडळींकडे वळू. त्यांच्या वाट्यास ऊस नव्हे, कॉफी आली होती.