डोळ्यांचे थेंब आणि महिन्याचा हिशेब

काही दिवसांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका रक्तदाब तपासून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. निघताना त्यांनी पिशवीतून डोळ्यांच्या थेंबांची एक बाटली काढली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एवढे पुन्हा लिहून देता का? बाकीचे दोन बंद केले. विम्यात बसत नाहीत म्हणे, आणि पेन्शनमध्ये तर मुळीच बसत नाहीत."

मी बाटलीवरचे नाव वाचले. ते स्टिरॉइडचे थेंब होते. नेत्रतज्ज्ञांनी तीन औषधे लिहिली होती : कृत्रिम अश्रू, सायक्लोस्पोरिन आणि फक्त दोन आठवड्यांसाठी हे स्टिरॉइड. बाईंनी पहिली दोन महागडी म्हणून सोडली आणि तिसरे, स्वस्त व तत्काळ आराम देणारे, चार महिने चालू ठेवले. त्याच दिवशी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. वेळेत लक्षात आल्यामुळे दृष्टीला धोका झाला नाही. परंतु अशा वाढलेल्या दाबातून काचबिंदू होतो आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

या प्रसंगात माझीही चूक होती. त्या दोनदा येऊन गेल्या होत्या, "औषधे परवडतात का?" हे मी एकदाही विचारले नव्हते.

आजार किरकोळ, पण सोबतीला राहणारा

आपल्या अश्रूंमध्ये पाणी असते, तेल असते आणि चिकट श्लेष्मही असतो. पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथी हे तेल पुरवतात. वय वाढले की त्या मंदावतात, पाण्याचेही प्रमाण घटते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या आणि नैराश्यावरील काही औषधे त्यात भर घालतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, वाचताना दिसणे अंधुक होते आणि गंमत अशी की, कोरड्या डोळ्यांतूनच घळघळा पाणी वाहते. ती डोळ्याची तक्रार असते, बरे झाल्याची खूण नव्हे.

बहुतेकांना कृत्रिम अश्रूंनी आराम पडतो. त्यांनी भागत नसेल आणि डोळ्यांत दाह असेल, तर नेत्रतज्ज्ञ सायक्लोस्पोरिन देतात. ते सुरुवातीला चुरचुरते आणि त्याचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. 'महिनाभर घातले, काही फरक नाही' म्हणून ते सोडणे म्हणजे झालेला खर्चही वाया घालवणे होय.

विमा नाही का म्हणतो?

आपल्याकडील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्यासाठी असतात. साधारणपणे २४ तासांचा मुक्काम किंवा मोतिबिंदूसारखी त्याच दिवशी घरी सोडणारी शस्त्रक्रिया असेल, तरच दावा मंजूर होतो. बाह्यरुग्ण तपासणी आणि दुकानातून घेतलेले थेंब त्यात येत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण तेही दाखल रुग्णांच्या उपचारांसाठी. म्हणून हे कार्ड जरूर काढा, मात्र त्यावर रोजचे थेंब मिळतील अशी आशा धरू नका.

तरीही काही वाटा मोकळ्या आहेत :

- आपण केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक असून सीजीएचएसचे सदस्य असाल, किंवा माजी सैनिक म्हणून ईसीएचएसचे सदस्य असाल, तर बाह्यरुग्ण उपचार व औषधे या योजनांत येतात. नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आपल्या आरोग्य केंद्रात विचारा.
- मोतिबिंदूची शस्त्रक्रिया विम्यातून झाली असेल, तर त्यानंतरच्या ठरावीक दिवसांतील (अनेक पॉलिसींत ६० दिवस) औषधांचा खर्च मागता येतो. शस्त्रक्रियेनंतर कोरडेपणा वाढणे नेहमीचे आहे. त्यासाठी दिलेले थेंब शस्त्रक्रियेशी संबंधित असल्याचे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले असावे आणि बिले जपून ठेवावीत.
- काही पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्चाची जोड जादा हप्ता भरून घेता येते. घेण्यापूर्वी जादा हप्ता आणि आपला वर्षाचा औषधखर्च शेजारी शेजारी मांडून पाहा. हप्ताच मोठा असेल, तर तो सौदा आपल्या कामाचा नाही.
- आपले वय ६० च्या पुढे असेल आणि आपल्या नावे आरोग्य विमा नसेल, तर आयकराच्या जुन्या पद्धतीत वैद्यकीय खर्चासाठी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. हीच '८० डी' नावाने ओळखली जाणारी सवलत. आई-वडिलांचा खर्च करणाऱ्या मुलांनाही ती लागू होते. अट एकच : पैसे रोखीने दिलेले नसावेत. औषधाच्या दुकानात कार्डाने किंवा यूपीआयने पैसे देऊन बिल घेण्याची सवय यासाठीच हवी.

खर्च आपल्या हातात कितपत?

एका वेळी एकच थेंब पुरतो. डोळ्यात त्याहून अधिक मावत नाही. दुसरा थेंब गालावरून ओघळतो आणि त्याचे पैसेही. १० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २०० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा एकेक थेंब घातला, तर ती सुमारे २५ दिवस जाते. आपली बाटली दहा-बारा दिवसांतच संपत असेल, तर घालण्याची पद्धत डॉक्टरांना प्रत्यक्ष करून दाखवा. हात थरथरत असल्यास घरातल्यांनी थेंब घालून द्यावेत.

डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब जनऔषधी केंद्रात विचारून पाहा. तेथील दर नामांकित कंपन्यांच्या मानाने बरेच कमी असतात. परिरक्षकविरहित थेंब महाग पडतात. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील किंवा काचबिंदूचेही थेंब चालू असतील, तेव्हा त्यांचा खरा उपयोग होतो. आपल्याला ते आवश्यकच आहेत का, हे विचारण्यात संकोच नसावा.

पापण्यांवर कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाचा पाच-दहा मिनिटे शेक, पंख्याचा झोत तोंडावर न घेणे, टीव्ही पाहताना आठवणीने पापण्या मिटणे, यांना पैसे पडत नाहीत.

दोन ठिकाणी मात्र काटकसर करू नका. उघडलेली बाटली महिन्यानंतर वापरू नका आणि नवरा-बायकोने एकच बाटली वाटून घेऊ नका. जंतुसंसर्गाचा खर्च दोन बाटल्यांपेक्षा पुष्कळ मोठा असतो. तसेच जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइडचे थेंब पुन्हा आणू नका. डोळा खूप दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा दृष्टी एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

त्या शिक्षिका आता कृत्रिम अश्रू जनऔषधी केंद्रातून आणतात. वाचलेल्या पैशांत सायक्लोस्पोरिन पुन्हा सुरू झाले आहे आणि त्याची बिले त्यांचा मुलगा जपून ठेवतो. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा दुखण्याबरोबर खर्चही सांगा. परवडत नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. आपण न सांगता सोडलेले औषध आम्हाला कळत नाही आणि मग आमची चिठ्ठी निरुपयोगी ठरते.