आर्सेनिकाचे विद्युत् रासायनिक मापन
पाण्यातील लेशमात्र आर्सेनिकाला रंग, वास वा चव नसल्यामुळे त्याचे अस्तित्व रासायनिक परीक्षणानेच कळते. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यामुळे झालेली आर्सेनिक विषबाधा १९८३ मध्ये उघडकीस आली. पुढे बांगला देशातही ती मोठ्या प्रमाणावर आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा दर लिटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. इतके अल्प प्रमाण मोजण्याच्या विद्युत् रासायनिक पद्धतींपैकी ‘अॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री’ ही प्रमुख होय.

हिचे दोन टप्पे असतात. प्रथम पाण्याचा नमुना अम्लयुक्त करून त्यात सोन्याचे विद्युत् अग्र बुडवितात व त्यास ऋण वर्चस् देतात. विद्राव ढवळत ठेवला असता त्रिसंयुजी आर्सेनिकाचे क्षपण होऊन धातुरूप आर्सेनिक सोन्यावर साचते. अशा रीतीने विरल विद्रावातील आर्सेनिक अग्राच्या पृष्ठभागावर एकवटते व पद्धतीची संवेदनशीलता वाढते. नंतर वर्चस् क्रमाने धन दिशेने वाढवितात. विशिष्ट वर्चसाला साचलेल्या आर्सेनिकाचे ऑक्सिडीभवन होऊन ते पुन्हा विद्रावात उतरते व आलेखावर विद्युत् प्रवाहाचे शिखर दिसते. ठरलेल्या परिस्थितीत शिखराच्या उंचीवरून आर्सेनिकाचे प्रमाण काढतात. आर्सेनिक पाऱ्यात फारसे विरघळत नसल्याने येथे पाऱ्याऐवजी सोने सोयीचे ठरते.

पंचसंयुजी आर्सेनिक नेहमीच्या परिस्थितीत अग्रावर सहजी साचत नाही. म्हणून ते सल्फाइटासारख्या क्षपणकारकाने त्रिसंयुजी करून एकूण आर्सेनिक मोजतात. दोन मापनांतील फरक म्हणजे पंचसंयुजी आर्सेनिक होय. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्रिसंयुजी रूप अधिक विषारी असून पाण्यातून काढून टाकण्यासही अधिक अवघड असते. नमुना साठविल्यास त्याचे ऑक्सिडीभवन होऊ शकते. त्यामुळे विहिरीपाशीच केलेले मापन अधिक विश्वसनीय ठरते. आणवीय शोषण वर्णपटमापकाच्या तुलनेने विद्युत् रासायनिक उपकरण लहान, स्वस्त व सुवाह्य असल्याने हे शक्य होते.

तांबे आर्सेनिकाबरोबर साचून आंतरधातवीय संयुगे बनविते व मापनात बाधा आणते. कार्बनी द्रव्यांचा थर अग्राची क्रियाशीलता कमी करतो. यास्तव अग्राचा पृष्ठभाग वरचेवर स्वच्छ करावा लागतो आणि नमुन्यात ज्ञात प्रमाणात आर्सेनिक मिसळून शिखर किती वाढते ते पाहावे लागते. ही दक्षता न घेतल्यास मापन प्रत्यक्षाहून कमी येऊन दूषित विहीर सुरक्षित ठरविली जाण्याचा धोका संभवतो.