स्लॅगचं सिमेंट कच्चं नसतं

हवामानबदलावर भाषणं पुष्कळ झाली. पेण-रोह्यात घर बांधणाऱ्याला प्रत्यक्ष काही करायचं असेल, तर सुरुवात सिमेंटच्या गोणीपासून होते. जगात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के वायू सिमेंटमुळे निघतो. तो कमी करणारा स्लॅग पेण तालुक्यातच, डोलवीला तयार होतो. तरी त्याचं नाव काढलं की लोक बिचकतात.

गैरसमज : प्रदूषण भट्टीतल्या कोळशाचं, इंधन बदललं की झालं.

वस्तुस्थिती : निम्म्याहून अधिक वायू चुनखडीतूनच सुटतो. इंधन कोणतंही असो, 1 टन शुद्ध चुनखडी भाजली की सुमारे 440 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून चुनखडी भाजून बनणारा सिमेंटमधला क्लिंकर कमी करणं महत्त्वाचं.

गैरसमज : स्लॅग म्हणजे कारखान्याचा कचरा, म्हणजे भेसळच.

वस्तुस्थिती : पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली तप्त मळी, म्हणजेच स्लॅग, पाण्याने झटकन थंड केली की तिचे वाळूसारखे दाणे होतात. ते दळून सिमेंटमध्ये क्लिंकरच्या जागी 25 ते 70 टक्के घालायला आयएस 455 हे भारतीय मानकच परवानगी देतं. असं ताजं काँक्रीट फोडलं की आत हिरवट-निळसर झाक दिसते. हवा लागली की ती जाते. तिला घाबरू नये.

गैरसमज : या सिमेंटचा स्लॅब कच्चा राहतो.

वस्तुस्थिती : ते सावकाश पक्कं होतं, एवढंच. पहिल्या आठवड्यात ताकद कमी दिसते, पण 28 दिवसांनंतरही ती वाढत राहते. नुकसान करते ती घाई. सेंटरिंग लवकर काढलं, पाणी चार दिवस मारून थांबवलं, तर दोष सिमेंटचा नाही. आयएस 456 अशा सिमेंटला किमान 10 दिवस, कोरड्या-उष्ण हवेत 14 दिवस पाणी मारायला सांगतं. आणि धरमतर खाडी, कुंडलिकेचं मुख, इथल्या खारपट्ट्यात तर हेच सिमेंट हवं. त्याच्या घट्ट काँक्रीटमधून क्षार सळईपर्यंत सहज पोचत नाहीत. सळई गंजून स्लॅब फुटला की दुरुस्तीला पुन्हा सिमेंटच लागतं.

गैरसमज : म्हणजे हे पूर्ण हरित झालं.

वस्तुस्थिती : नाही. झोतभट्टी कोळशावरच चालते, आणि स्लॅगचा साठा पोलादाच्या उत्पादनाएवढाच मर्यादित आहे.

ठेका देताना गोणीवर आयएस 455 आहे का ते स्वतः पाहा, आणि 14 दिवस पाणी मारण्याची अट ठेकेदाराकडून लेखी घ्या.