तपासणी पोटाची, नोंद मेंदूची

अफझलगंजात मुसीकाठच्या उस्मानिया रुग्णालयात असो वा शहरातल्या दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात, नांदेड-परभणीकडचे नातेवाईक उपचाराला हैदराबादेत आले की मुक्काम आपल्यापैकीच कुणाकडे तरी असतो. तपासण्यांची फाइलही मग आपल्याच हातात येते. हल्ली तीत पेट स्कॅनचा अहवाल असतो. स्कॅन केलेला असतो आतड्याच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगासाठी, आणि तळाशी इंग्रजीत एक ओळ असते: मेंदूत अमुक ठिकाणी वेगळे दिसते, एमआरआय करावा. ती वाचून घर हबकते, नाहीतर घाईगडबडीत ती कुणी वाचतच नाही. दोन्ही टळावे म्हणून ही माहिती देत आहोत.

पेट स्कॅनसाठी बहुतेक वेळा किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. तिला एफडीजी म्हणतात. ज्या पेशी साखर जास्त घेतात त्या चित्रात उजळ दिसतात, आणि कर्करोगाच्या बऱ्याच गाठी ती जास्त घेतात. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणून सायक्लोट्रॉनमध्ये तयार झाले की लगेच वापरावे लागते. भारतात ही सोय प्रथम २००२ मध्ये मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

मेंदू मात्र मुळातच साखरेवर चालतो. वजनाने तो शरीराच्या २ टक्के, पण शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा वापरतो. म्हणून निरोगी मेंदूही स्कॅनमध्ये झगझगीत दिसतो. तो नुसता उजळ दिसणे हा आजार नव्हे. उलट त्या उजेडात लहान गाठ लपूही शकते. शिवाय अनेक स्कॅन कवटीच्या तळापासून खालीच घेतले जातात. त्यामुळे ‘पेट स्कॅन चांगला आला, म्हणजे मेंदूत काही नाही’ असे धरून चालू नये.

अनपेक्षित नोंदी साधारण चार प्रकारच्या असतात.

पहिली, मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा. ती बहुधा साधी आणि सावकाश वाढणारी असते. प्रोस्टेटसाठीच्या पीएसएमए स्कॅनमध्येही ती चमकू शकते आणि कर्करोग पसरल्यासारखी भासते.

दुसरी, पिट्युटरी ग्रंथीतला उजळ ठिपका. ही बरेचदा साधी गाठ असते, पण हार्मोन्सची तपासणी लागते.

तिसरी, मंद दिसणारा भाग. रुग्णाला कधी कळलेही नाही असा जुना पक्षाघाताचा झटका त्यामागे असू शकतो. काही ठरावीक भाग मंद दिसले तर विस्मरणाच्या आजाराची शंका येते, पण एवढ्यावरून निदान होत नाही.

चौथी, कर्करोग खरोखरच मेंदूत पसरलेला असणे. तसे असेल तर उपचारांची दिशाच बदलते. म्हणून ती ओळ सोडून चालत नाही.

यांपैकी नेमके काय, हे पेट स्कॅनवरून सहसा ठरत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. आपण एवढे करावे: अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावा आणि ती ओळ बोट ठेवून विचारावी. डोक्याचे जुने सीटी किंवा एमआरआय असतील तर सोबत न्यावेत. तीच गाठ पाच वर्षांपूर्वीही तेवढीच होती हे कळले, तर अर्धी काळजी मिटते. मधुमेह असल्यास स्कॅनआधीच सांगावे, कारण वाढलेल्या साखरेने चित्र बदलते. पेसमेकर असेल तर एमआरआयआधी सांगावे. मुख्य उपचार आपल्या मनाने थांबवू नयेत.

फिट येणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, उलट्यांसह जोराची डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आणि एक विनंती. रुग्णाला त्या ओळीबद्दल सांगायचे तर डॉक्टरांशी बोलून झाल्यावर, शांतपणे बसून सांगावे. परगावी उपचारासाठी आलेल्या माणसाला अर्धवट कानावर पडलेला ‘मेंदूत काहीतरी’ हा शब्द रात्रभर झोपू देत नाही.