विद्यावाचस्पती म्हणजे कोण?

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र उभे आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी ते बांधविले, त्यामागे एक शंका होती. जुन्या कोष्टकांवरून काढलेल्या ग्रहणांच्या वेळा प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हत्या. लहान पितळी यंत्रांनी अचूक मापन होत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली, वेध घेतले व नवी कोष्टके सिद्ध करविली. शंका, तपासणी आणि इतरांना पडताळून पाहता येईल अशी मांडणी, यालाच आपण संशोधन म्हणतो.

जयसिंहांना त्यासाठी कोणी पदवी दिली नाही. आज मात्र अशा कामाची पारख विद्यापीठे करतात. त्याच जयपुरात १९४७ साली स्थापन झालेले राजस्थान विद्यापीठ असो वा महाराष्ट्रातील एखादे, रीत बहुतांशी सारखीच. उमेदवार मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली किमान तीन वर्षे एका प्रश्नाचा अभ्यास करून प्रबंध लिहितो. बाहेरचे तज्ज्ञ तो तपासतात आणि तोंडी परीक्षेत त्याला आपल्या निष्कर्षांचे समर्थन करावे लागते. मगच पीएच.डी. अर्थात विद्यावाचस्पती ही पदवी मिळते. त्याच्या नावाआधीही ‘डॉक्टर’ लागते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिक्षक असाच आहे.

प्रबंध जाडजूडच हवा, असा अनेकांचा समज असतो. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांचा प्रबंध सुमारे ४० पानांचा होता. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने, त्या स्त्री आहेत म्हणून, त्यांना प्रथम प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या विज्ञानात ही पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत श्वसनास साहाय्य करणारे ‘सायटोक्रोम सी’ आढळले. सांगितले ते एवढेच. पण ते नवे होते. पुढे मायदेशी त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला व कुपोषित आदिवासी बालकांना तिचा उपयोग होतो, हे दाखवून दिले.

दुसऱ्याचा मजकूर उचलून पदवी मिळविणारेही असतात, हे खेदाने नमूद करावे लागते. चोरी सिद्ध झाल्यास ती पदवी गमवावी लागू शकते. भारतीय विद्यापीठांतील असंख्य प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यासाठी स्वतः पदवीधर असण्याची अट नाही.