शैवालामुळे प्राणी वाढतो का? आधी सांगा, खायला किती दिलं?

भंडाऱ्याहून समुद्र लांब. मालवणचे प्रवाळ पाहायचे तर राज्याचं दुसरं टोक गाठावं लागतं. पण प्रवाळाचा एक नातेवाईक गोड्या पाण्यात राहतो: हिरवा हायड्रा. दोघांच्याही पेशींत सूक्ष्म शैवाल असतं. ते प्रकाशात साखर बनवतं आणि त्यातला वाटा यजमानाला देतं. हायड्राला ती मुख्यतः माल्टोजच्या रूपात मिळते.

मग शैवालामुळे हायड्रा जास्त वाढतो का? तुम्ही म्हणाल, सोपं आहे. काही हायड्रांमधलं शैवाल काढा, दोन्ही गट शेजारी ठेवा आणि संख्या मोजा. हायड्राच्या अंगावर कळी येऊन नवा हायड्रा सुटतो, त्यामुळे संख्या म्हणजेच वाढ.

मस्कटाइन आणि लेनहॉफ यांनी 1965 मध्ये हेच केलं, पण खाद्याचं प्रमाण बदलून. भरपूर खाद्य दिलं तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच वाढले. खाद्य कमी केल्यावर हिरवे पुढे गेले. उपाशी ठेवल्यावरही हिरवेच जास्त तगले.

आपल्याकडच्या मामा तलावांचं असंच आहे. पाऊस चांगला झाला तर तलावाखालचं धान आणि बाकीचं धान सारखंच डोलतं. पावसानं दडी मारली की तलावाची किंमत कळते.

आता विचार करा, त्यांनी फक्त भरपूर खाद्याचा प्रयोग केला असता तर? ‘शैवालाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघाला असता. आकडे खरे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

दुसरी मेख कंट्रोलची. शैवाल काढायला ग्लिसरॉल किंवा तीव्र प्रकाश वापरतात. त्यानं हायड्रालाच इजा झाली असेल तर? म्हणून लगेच मोजू नका. कळ्यांमधून काही पिढ्या जाऊ द्या, मग तुलना करा. पुढे त्याच हायड्रांत शैवाल परत सोडा. फरक मिटला, तर श्रेय शैवालाचं.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. पाणी तापलं की प्रवाळ शैवाल गमावतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. किती दिवस तग धरेल, हे साठवलेल्या अन्नावर आणि पकडलेल्या भक्ष्यावरही अवलंबून असतं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना ‘अमुकचा तमुकवर परिणाम’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या परिस्थितीत, तेही लिहा. गाईड पहिला प्रश्न तोच विचारतील.